खालच्या सहा ओळी

सांजदैनिकाच्या कचेरीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. बातमी कितीही फुगलेली असो, जागेत बसवावी तर कात्रीबाईनंच. रीत सोपी होती: शेवटून कापायचं. त्या दिवशी बाराच्या सुमाराला साबणाची जाहिरात आली आणि सकाळच्या गोदामाच्या आगीची बातमी सहा ओळींनी जास्त झाली. आगीत दोन हमाल गेले होते. पहारेकरी झोपला होता, हे मालकाचं म्हणणं सगळ्यात वर होतं. बाईनं खालच्या सहा ओळी उडवल्या आणि चहा मागवला.

तीन वाजता धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, बाबा इस्पितळात आहेत. आज मित्राच्या बदली ते त्या जळलेल्या गोदामावर पहाऱ्याला गेले होते. हात भाजलेत. पण ते राहू दे, तू आधी ये! गेलेल्यांची माणसं दाराशी जमलीत. हातात तुमचाच पेपर आहे."

तिनं वार्ताहराची मूळ बातमी उघडली. त्या सहा ओळींत वाचलेले हमाल बोलत होते: मागच्या दाराला कुलूप होतं, किल्ली मालकाकडे, पहारेकऱ्यानं कांबीनं कुलूप तोडून तिघांना ओढून काढलं. मालक वर, हमाल तळाशी. बातम्या कायम अशाच रचलेल्या यायच्या आणि ती अकरा वर्षं तळ कापत आली होती. वर म्हणायची, आपण बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात!

ती बातमी कागदावर काढून घेऊन ती धावत सुटली.

इस्पितळात बाबांच्या खोलीपुढे दहाबारा जण होते. भाऊ दाराला पाठ लावून उभा, तोंड पांढरंफटक. एका मेलेल्या हमालाची बायको पेपर नाचवत ओरडत होती, "झोपला होता मुडदा! बाहेर काढा त्याला!"

आल्या पावली पळावं, असं तिला वाटलं. तरी तिनं कागद वर धरला आणि सहाच्या सहा ओळी वाचल्या. आवाज दोनदा फुटला.

हमालाची बायको थबकली. "हमालांनी सांगितलं हे? आमच्या माणसांनी?"

"हो."

"मग छापलं का नाही? कुणी काढलं?"

भावाला काय ते उमगलं. तो डोळ्यांनीच नको नको म्हणत होता. वार्ताहराचं नाव सांगता आलं असतं, साबणवाल्याचंही. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

"मी," ती म्हणाली.

सगळे दारापासून हलले आणि तिच्याकडे वळले.