जिनिंगमधली आठवी

(माध्यमिक शाळेच्या मान्यतेसाठी अर्ज. सर्व रकाने भरावेत. जागा अपुरी पडल्यास मागील बाजूस लिहावे.)

रकाना १. अर्जदाराचे नाव. वडिलांचे अथवा पतीचे नाव व व्यवसाय.

सिंधू. पती नाही. वडील नारायणराव, दुसऱ्यांदा आमदार. व्यवसायापाशी तिचा टाक थांबला.

"बाबा, इथं काय लिहू?"

"शेती लिही."

"शेती तर गडी करतात."

"मंग गड्याचं नाव लिही," नारायणराव म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

तिनं शेती लिहिलं.

बी.ए., बी.टी. होऊन ती अमरावतीहून टाकळीला परत आली तेव्हा वडिलांनी तिच्यासाठी दोन गोष्टी योजून ठेवल्या होत्या. एक मलकापूरचं स्थळ आणि दुसरी जिल्हा परिषदेची जागा. तिनं दोन्हींना नाही म्हटलं आणि शाळा काढते म्हणाली. नारायणरावांना शाळा आवडली. आमदाराच्या गावात शाळा शोभून दिसते.

रकाना २. इमारत: स्वतःची / भाड्याची.

दोन्ही नाही. टाकळीच्या जिनिंगची मोठी टिनाची शेड. दिवाळी झाली की तिथं कापूस येतो, सरकी निघते, यंत्रं चालतात, आणि होळीपर्यंत माणसाला पाय ठेवायला जागा नसते. होळीनंतर मात्र शेड रिकामी. मॅनेजर शालिग्राम यांनी चावी दिली ती या अटीवर, की भिंतीवर खिळा ठोकायचा नाही आणि कापसाचं पहिलं गाडं फाटकात आलं की फळा उचलायचा.

रकाना ३. शैक्षणिक वर्षाचा कालावधी.

होळी ते दसरा.

छापील अर्जात इथे 'जून ते एप्रिल' असं आधीच लिहिलेलं होतं. सिंधूनं ते खोडलं.

शेडसाठी खोडलं, असं सगळ्यांना वाटलं. शेड ही नंतरची गोष्ट होती. सिंधू गावातल्या शाळेत शिकत असताना तिच्या वर्गात अकरा मुली होत्या. दिवाळीची सुट्टी संपली की त्या वेचणीला जात. कापूस बायका आणि पोरीच वेचतात, पुरुषाच्या हाताला ते काम बसत नाही. वेचणी संपायला माघ उजाडे. तोवर वर्गात पुस्तकाचा अर्धा भाग झालेला असे, आणि परत आलेली पोरगी मास्तरांच्या तोंडाकडे पाहत बसे. पुढच्या वर्षी ती येतच नसे. सातवीत सिंधू एकटी मुलगी उरली, कारण आमदाराच्या घरची पोरगी वेचणीला जात नाही.

म्हणून वेचणीच्या वेळेला शाळाच नको. वैशाखात टिनाखाली बसवत नाही, तर सकाळी साडेसहाला भरवायची आणि साडेदहाला सोडायची. रविवार नाही, उन्हाळी सुट्टी नाही. दिवस मोजले तर भरतात. तिनं मोजून अर्जाला जोडले होते.

रकाना ४. शिक्षकवर्ग.

सिंधू. आणि दयाराम सर, बौद्धवाड्यातले पहिले पदवीधर, गणित आणि विज्ञान. पहिल्या दिवशी ते शेडमध्ये येऊन वर टिनाकडे बघत राहिले.

"ताई, इथं भूमितीचा तास घेतला तं पोट्टे वितळतीन."

"मग?"

"मंग काही नाही. लवकर शिकवा लागन."

रकाना ५. पट.

इयत्ता आठवी. एकूण एक्केचाळीस. मुलगे बावीस, मुली एकोणीस.

या एकोणीस जणींत गीता होती, जनकाबाईची. जनकाबाई मळ्यात वांगी-मिरची लावायची आणि शेगावच्या बाजारात विकायची. दसऱ्याला शाळा सुटली तेव्हा तिनं सिंधूला वाटेत गाठलं.

"गीतीले पाह्यले आले होते. मानसं बरी हायत."

"चौदा वर्षांची आहे ती."

"मले तेरावं होतं." जनकाबाईनं डोक्यावरची पाटी सावरली. "माह्यं एवढंच म्हननं हाय ताई, तुमच्या शाळेचा सरकारी कागद येते का नाही? आला तं सोयऱ्याले सांगतो, पोरगी शिकून राह्यली, दोन साल थांबा. कागदच नसन तं काय सांगू? जिनात बसून राह्यते म्हनू?"

"होळीपर्यंत येईल."

"मंग होळीलोक थांबतो," जनकाबाई म्हणाली.

रकाना ६. क्रीडांगण.

आहे. सरकी वाळवायचं.

रकाना ७. संस्थेच्या पुढील योजना.

हा रकाना त्या वर्षी कोराच गेला. तो आता भरता येतो: सात शाळा, एक कॉलेज, खामगावला मुलींचं वसतिगृह. संग्रामपूरकडची शाळा अजूनही वेचणीत बंद असते. पण हे सगळं नंतरचं. सदुसष्टच्या जानेवारीत तिच्यापाशी एक फळा होता आणि तोही शालिग्रामांच्या घरी, पलंगामागे ठेवलेला.

रकाना ८. प्रत्यक्ष तपासणी.

तपासणी जानेवारीत निघाली. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची तेव्हाच निघते. सिंधूनं पत्र लिहून चैत्रातली तारीख मागितली. उत्तर आलं की तशी तरतूद नाही.

नारायणरावांनी नागपूरला फोन लावला. तोंडावर निवडणूक होती, तरी लावला. तिकडचे शिक्षण खात्याचे साहेब नम्रपणे म्हणाले, "भाऊसाहेब, भरलेली शाळा दाखवा, मी त्याच दिवशी सही करतो. बंद शाळेला कशी करू?"

नारायणरावांना यात काही अडचण दिसली नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी नऊला सिंधू जिनिंगवर पोचली, तर फाटकात प्रचाराची लॉरी उभी. शेडमध्ये कापसाचा ढीग टिनापर्यंत. पुढच्या पडवीत सतरंजीवर रांगेनं एक्केचाळीस पोरं मांडी घालून बसलेली. धुतलेले सदरे, टोप्या, हातात नव्या पाट्या. भिंतीला फळा टेकवलेला. आणि तिच्या वडिलांचा उजवा हात माणिकराव हजेरीवरची नावं मोठ्यानं वाचत, पोरांना वाटून देत होता.

"तू शांताराम. तू पुंडलिक. तू... हे काय बे, गीता? बरं, तू गीता. सायबानं 'गीता' म्हटलं का खाली मान घालून 'हजर' म्हनाचं."

"मी नाही गीता होत," पोरगा म्हणाला.

"अबे, धा मिन्टाचं काम हाय. गूळ-फुटाने भेटतीन."

सिंधूनं पोरांवरून नजर फिरवली. एकही ओळखीचं नव्हतं. एकही मुलगी नव्हती.

"माणिककाका, ही पोरं कुठली?"

"शेजारच्या गावची. भाऊसायबानं सांगतलं, पुरे एक्केचाळीस आन. मोजून आनले ताई, एकही कमी नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "पोरी हायत हे मले ठाऊक नोतं. आठवीत पोरी असतीन, हे कोनाच्या ध्यानात येते?"

सभेला जशी माणसं आणायची, तशी माणिकरावनं शाळा आणली होती. वीस वर्षं तो हेच करत होता, आणि मंडप कधी रिकामा दिसला नव्हता. सभेत नावं कोणी वाचत नाही, एवढाच फरक.

नारायणराव जीपमध्ये बसले होते. सिंधू जीपपाशी गेली.

"यांना परत पाठवा, बाबा."

"अकरा वाजता साहेब येऊन राह्यले."

"मी त्यांना वेचणीच्या शेतात नेते. माझी पोरं तिथं आहेत."

"शेतात हजेरी?" ते हसले. मग हसू थांबलं. "सिंधू, दरवर्षी जानेवारीतला एक दिवस. बाकी साल तुह्यं. तुले कागद पायजे का नाही?"

"पाहिजे. जनकाबाईला मी शब्द दिलाय."

"मंग?"

"आज हे पोरगं गीता म्हणून हजर लागलं, तर पुढच्या जानेवारीत पुन्हा लागेल. कागदावर माझी शाळा जानेवारीत भरते असंच राहील, बाबा. मग मॅट्रिकला बोर्डानं परीक्षेचा फॉर्म जानेवारीत मागितला, तर त्या दिवशी पोरी वेचणीला असतील आणि सही हे पोरगं करेल."

नारायणरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला.

"मी सभेत सांगून बसलो, कागद आला म्हनून."

"ते तुम्ही सभेत निस्तरा."

"माह्या पोटची हाय," ते ड्रायव्हरला म्हणाले, जणू ही ड्रायव्हरची चूक होती. मग माणिकरावला हाक मारली. "घेऊन जा बे यायले. फुटाने दे."

लॉरी गेली. जाताना ज्याला गीता व्हायचं होतं तो पोरगा सगळ्यात मोठ्यानं हसत होता.

रकाना ९. तपासणी अधिकाऱ्याचा शेरा.

तपासणीला आलेले साहेब पुण्याकडचे, वयस्क, पायांत काळे बूट. बंद शाळेपुढे उभं राहून त्यांनी सिंधूचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. मग बांधावरून शेतात आले. कापसाच्या झाडांतून वाकून वेचणाऱ्या बायका सरळ झाल्या. दयाराम सरांनी हजेरी उघडली. नाव घेतलं की कुठल्यातरी ओळीतून हात वर यायचा, मुलींच्या कमरेला कापसाची ओटी, मुलग्यांच्या डोक्यावर कापसाची गाठोडी. काही बाप्ये नांगर सोडून बघायला आले. एका नावाला सुरकुतलेला हात वर आला, तो त्या पोराच्या आजीचा होता.

"आजी, तुम्ही कोणत्या वर्गात?" साहेबांनी विचारलं.

"मी पोट्ट्याच्या बदली. तो पलीकडच्या शेतात गेला. हाक मारू?"

एकोणचाळीस भरले. साहेबांनी गीताला त्रिकोणाबद्दल विचारलं. तिनं बोंडाच्या काडीनं मातीत आकृती काढली आणि सिद्धता अर्ध्यावर चुकली. सरांनी मान खाली घातली. तिनं पुसून पुन्हा काढली. या वेळी बरोबर.

परत बांधावर आल्यावर साहेब म्हणाले, "बाई, मला पटलं म्हणून उपयोग नाही. या फॉर्मात शेताला रकाना नाही."

त्यांनी लिहिलं ते असं: *शाळा बंद आढळली. एकोणचाळीस विद्यार्थी शेतात समक्ष पाहिले, पैकी मुली एकोणीस. सत्राचा कालावधी नियमात बसत नाही. यंदा शिफारस करता येत नाही. अर्जदाराने सत्राबाबत वेगळा प्रस्ताव पाठवल्यास विचार व्हावा.*

शेवटचं वाक्य लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याच वाक्याला धरून दोन वर्षांनी मान्यता मिळाली.

(मागील बाजू. रकान्यात न मावलेले.)

नारायणराव फेब्रुवारीत निवडून आले. थोड्या मतांनी.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सिंधू जनकाबाईच्या मळ्यात गेली. जनकाबाई मिरची तोडत होती. कागद आला नाही, हे सिंधूनं आधी सांगितलं, बसण्याआधी.

"भाऊसायेब तं म्हने आला."

"नाही आला."

जनकाबाईनं आणखी दोन झाडांच्या मिरच्या तोडल्या. "माणिकराव सांगे का तुम्ही लॉरीभर पोट्टे परत धाडले. ते ठेवले असते तं कागद आला असता?"

"आला असता."

"मंग काऊन धाडले?"

"त्यातला एक गीता झाला होता."

जनकाबाईनं वर पाहिलं. तिला हसू आलं, ते तिनं पदरानं झाकलं, पण फार वेळ ते टिकलं नाही.

"सोयरे थांबत नाहीत ताई. मी सांगून पाह्यलं. आखजीले तारीख धरली."

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. सिंधूनं मनात मोजलं. आपण दिलेला शब्द आपणच मोडला, आणि तो वडिलांच्या लॉरीनं पाळला गेला असता, हे तिला त्या मिरच्यांत उभं राहून नीट दिसत होतं. तरी लॉरी परत बोलवावी असं तिला वाटलं नाही. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या.

"तवालोक येईन ती," जनकाबाई म्हणाली. "अंगाले हयद लागन त्या दिवसापर्यंत धाडतो. घरी बसून काय करन."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला शेड उघडली. एक्केचाळीसपैकी सव्वीस आले. मुली चौदा. गीता पुढच्या ओळीत बसली आणि तिनं नववीचं पुस्तक मागितलं.

दयाराम सरांनी सिंधूला बाजूला घेतलं. "ताई, सात आठवडे हायत तिच्यापाशी. काय शिकवू?"

"पुस्तकात पहिलं काय आहे?"

"बीजगणित."

"मग तेच," सिंधू म्हणाली. "पहिल्या पानापासून. वर्षभर येणार आहे असं धरून."

सर फळ्याकडे गेले.