तळपायाचे बूच

गुरुवारी संध्याकाळी क्विल हार्बर या कोळ्यांच्या गावातल्या अग्निशमन हॉलमध्ये उभे राहायलाही जागा नव्हती. आगीचा बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि शेवंडांचे पिंजरे उचलून परतलेली माणसे रबरी बूट न काढताच येऊन बसली होती. पुढे एका प्लास्टिकच्या टबात पोस्टातली हेझल पाय सोडून बसली होती. तिच्या मांडीपासून टबापर्यंत जाड टॉवेल अंथरला होता. टॉवेल घालण्याआधी पाणी स्वच्छ असल्याचे सगळ्यांनी पाहिले होते. वीस मिनिटांनी ब्रदर ऑरविलने टॉवेल ओढला, तेव्हा ते काळ्या कॉफीसारखे झाले होते आणि वर कण तरंगत होते. हॉलभर कुजबुज उठली.

ऑरविलने एक कण बोटावर घेतला. "हे काळं यकृतातलं. तांबडं सांध्यातलं. हेझल, इतकी वर्षं हे अंगात घेऊन तू पत्रं वाटत होतीस."

हेझल रडायलाच लागली. पाय हलके झाले म्हणाली. कोमट पाण्यात वीस मिनिटे बसल्यावर कुणाचेही होतात.

देवाच्या नावाने उपचार करणारा हा ऑरविल गावात आला त्याला पंधरा दिवस झाले होते. माणूस हुशार. पहिल्याच दिवशी त्याने धक्क्यावर फिरून कोळ्यांची भाषा उचलली. "बोटीत शिरलेलं पाणी कुठे जमतं? तळाला. ते काढायला तळाला बूच असतं. विषही जडच, तेही खालीच उतरतं. देवानं माणसाच्या तळपायाला बूच दिलंय, मी फक्त ते उघडतो." कोळ्यांना हे पटले. आयुष्यभर बोटीतले पाणी उपसणाऱ्याला न पटून काय होईल?

मुलांनो, मला पटले नव्हते. मी चौतीस वर्षे याच गावातल्या मुलांना विज्ञान शिकवले, त्यामुळे संशयाची सवय आहे. तो पाण्यात मूठभर मीठ टाकायचा. टबात वायरला जोडलेली धातूची एक गुंडाळी सोडायचा, पण ती कुणाच्या हाती देत नसे. रोज नवी गुंडाळी, आणि जुनी तो स्वतःच पिशवीत घालून नेई. विष पायातून निघते, तर गुंडाळी का बदलावी लागते?

तरीही मी कदाचित घरीच बसले असते. पण दुपारी आर्डिस माझ्याकडे आली. तिचा नवरा थर्लो बील माझा जुना विद्यार्थी, बंदरातला जाणता बोटवाला. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दीड तास गाडी हाकत तो शहरात डायलिसिसला जातो. आर्डिसने सांगितले की सोमवारी तो गेला नाही, कालही गेला नाही. दोन्ही दिवस ऑरविलच्या टबात बसला, आणि आता उद्याही जाणार नाही म्हणतो. घोटे सुजलेत म्हणून ती घाबरली, तर ऑरविलने सांगितले, बघा, विष खाली उतरायला लागले. रात्री थर्लोला आडवे पडले की धाप लागते. बसून झोपतो.

हे ऐकून मी कोट घातला.

हॉलमध्ये थर्लो पहिल्या रांगेत होता. चेहरा मेणासारखा. मी त्याच्या शेजारी बसले आणि घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"बाई, तुम्हीसुद्धा?" तो हसून म्हणाला. "तुम्हाला आर्डिसनं धाडलंय."

मी म्हटले, मला माझे गुडघे दाखवायचेत, तुझा नंबर मला दे. त्याने दिला. जुने विद्यार्थी एवढे ऐकतात.

ऑरविलने ताजे पाणी भरले, मीठ टाकले, नवी गुंडाळी सोडली. मी त्याला सांगितले की म्हातारीचे पाय चारचौघांत बघण्यासारखे नाहीत; आधी टॉवेल घाला, मग मी पाय सोडते. त्याने मोठ्या अदबीने टॉवेल अंथरला, बटण दाबले आणि लोकांकडे वळून बुचाची कथा पुन्हा सुरू केली. मी बूट काढले आणि पाय खुर्चीखालच्या आडव्या दांडीवर ठेवून शांत बसले. वीस मिनिटे बसायला मला आवडते.

वेळ झाल्यावर त्याने टॉवेल पाण्यावरून सारला. पाणी तपकिरी झाले होते. त्याने मान हलवली. "गुडघ्यांचं विष. आणि हा फेस बघा, मूत्रपिंडाचा. बाई, अगदी वेळेवर आलात."

"एवढं सगळं माझंच?"

"तुमच्याच तळपायातून निघालं, माझ्या डोळ्यांसमोर."

मी उरलेला टॉवेल उचलला. लोकरी मोजे घातलेले माझे दोन्ही पाय दांडीवर होते. हेझलला म्हटले, हात लावून बघ. तिने चाचपले, परत चाचपले, आणि म्हणाली, "कोरडे आहेत."

मग मागून एक आवाज आला. "ब्रदर, मग आम्हीही घरीच बसतो. आमचं विष तुम्ही इथूनच काढा."

हॉल हसला. ऑरविल म्हणाला, बाईंचे विष फार जुने, हवेतूनही ओढले गेले. आणखीच हसले लोक. थर्लो मात्र हसला नाही.

मी बटण बंद केले, भिंतीतला प्लग काढला आणि गुंडाळी बाहेर ओढली. ऑरविल पुढे झाला, पण रबरी बुटांची दोन माणसे सहज मध्ये उभी राहिली. गुंडाळी मी थर्लोच्या हाती दिली. "हे तू माझ्यापेक्षा चांगलं ओळखशील."

त्याने ती फिरवून पाहिली. चकचकीत धातूवर खड्डे पडले होते, कडा कुरतडल्या होत्या. तो नखाने खरवडत राहिला. तांबडा थर निघाला.

"गंज," तो म्हणाला. "जस्ताच्या ठोकळ्यासारखंच खाल्लंय हे."

हे त्याने म्हणायचीच मी वाट पाहत होते. इथला प्रत्येक बोटवाला दर वसंतात बोटीच्या बुडाला जस्ताचा नवा ठोकळा लावतो. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले, त्यात विजेची गळती असली, की धातू विरघळतो. ठोकळा यासाठी, की आधी जस्त खाल्ले जावे आणि बोट ढकलणारा पंखा वाचावा. वर्षाने ठोकळ्याचा सांगाडा उरतो. टबातही तेच. मीठ, पाणी, वीज, आणि लोखंड असलेली गुंडाळी. गुंडाळी विरघळते, पाणी गंजाने तांबडे होते. आत पाय असोत वा नसोत.

थर्लोने गुंडाळी मांडीवर ठेवली. "मग माझं विष कुठे गेलं, बाई? सहा दिवसांचं?"

"तुझ्या रक्तातच आहे, थर्लो."

मग मी त्याला वर्गात सांगितले होते तेच पुन्हा सांगितले. रक्त तळाला साचत नाही. हृदय ढकलते, पायातल्या झडपा ते मागे पडू देत नाहीत, आणि मिनिटभरात ते सगळे अंग फिरून परत येते. ते मालवाहू बोटीसारखे आहे. आतड्यातून साखर घेते, फुप्फुसातून प्राणवायू, पेशींचा कचराही उचलते. पण माल हवा तिथे उतरत नाही, जिथे धक्का आहे तिथेच उतरतो. या कचऱ्याचा धक्का म्हणजे मूत्रपिंड. तुझे दोन्ही बंद पडलेत, म्हणून शहरातले यंत्र आहे. तळपायाला धक्का नाही, बूचही नाही. सूज हे विष नव्हे, बाहेर जायला वाट नसलेले पाणी आहे.

तो उठला आणि लगेच खुर्चीला धरून थांबला. दम लागला होता. "आर्डिस," तो म्हणाला, "ट्रक काढ. उद्याची वाट नको."

उजेड असतानाच ते निघाले. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आर्डिसला सांगितले की त्याच्या रक्तात पोटॅशियम इतके चढले होते की हृदय कधीही थांबले असते. चार तास यंत्र चालले. पहाटे तो आडवा पडून झोपला, सहा दिवसांत पहिल्यांदा. ऑरविल तेव्हा गावात नव्हता. दुसऱ्या कुठल्या बंदरावर बुचे उघडत असेल.

मुलांनो, थर्लो मूर्ख नव्हता. त्याला बोट ठाऊक होती, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीसारखी दिसणारी गोष्ट खरी वाटते. फसवणारा आपल्याच शब्दांत बोलतो. म्हणून कुणी पाणी, धूर, राख काहीही दाखवून अंगातले विष निघाले म्हणाला, तर रागावू नका, भांडू नका. त्याला एवढेच सांगा, एकदा माणसाशिवाय करून दाखव; तरी तेच निघाले, तर ते अंगातले नव्हतेच. आणि तो काहीही दाखवो, डॉक्टरची एकही वारी चुकवू नका.