पाठांतर

नवऱ्याचं फिट्सचं ऑपरेशन झालं की पहिला फायदा बाथरूमच्या कडीचा होता. ती आतून लागणार होती. लग्न झाल्यापासून नवरा आत आणि बाई दाराबाहेर कान देऊन उभ्या, हा रिवाज मोडणार होता. दुसरा फायदा शेगडीचा: तिच्याजवळ त्याला एकटं उभं राहता आलं असतं. तिसरा दुकानाचा. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि मालकाने त्याला गिऱ्हाइकांसमोरून उठवून मागच्या खोलीत काचा पुसायला बसवलं होतं. तो पुन्हा पुढे आला असता. चौथा फायदा बाईंच्या झोपेचा. दोन्ही डोळे एकदम मिटण्याचा. आणि पाचवा बाईंनी कुणाला सांगितला नव्हता. त्यांना नवऱ्याशी एकदा मनसोक्त भांडायचं होतं. आवाज चढला की त्याला फिट येईल या धास्तीने संसारातली सगळी भांडणं त्यांनी अर्ध्यावर गिळली होती, आणि ती पोटात साठून बसली होती.

तोट्याच्या बाजूला मांडायला काही सापडलं नाही. शोधलंही नाही म्हणा.

बाई घरात शिकवण्या घ्यायच्या. शाळेने हात टेकलेली पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसायची आणि वर्षाअखेर हमखास पास व्हायची. पोराच्या डोक्यात काही शिरलंय का, या फंदात बाई पडत नसत. विचारणार आहेत ते तोंडात असलं म्हणजे झालं. परीक्षक काही डोकं फोडून आत बघत नाही, असं त्या आयांना ऐकवायच्या.

नवऱ्याच्या फिट्स पडून झटके देण्याच्या नव्हत्या. त्याच्या पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं. 'हे आधी झालंय' असं तो म्हणायचा आणि तिथेच थिजायचा. मग ओठांची मचमच सुरू, आणि हात शर्टाची बटणं चाचपायला लागायचे. एकदा गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता तो असा थिजला आणि त्या माणसाच्या शर्टाची दोन बटणं काढून मोकळा झाला. दुकानातलं पुढचं काम गेलं ते त्या दिवशी. लहानपणी तापात आकडी आली होती, तिथून हे दुखणं चिकटलं होतं, आणि एकही गोळी त्याला दाद देत नव्हती.

मोठ्या इस्पितळात या दुखण्यावर संशोधन चाललं होतं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून दाखवला.

"कानशिलाच्या आत दोन्ही बाजूंना असा बोटभर भाग असतो. नवीन काही कळलं की ते आधी इथे येतं, मग पक्कं होतं. यांचा उजवीकडचा सुकलाय. फिट्स तिथूनच उठतात. तो काढला तर बरेच जण सुटतात. किती सुटतात, आणि त्यांच्या आठवणीचं पुढे काय होतं, याचाच आम्ही अभ्यास करतोय."

"आणि काढल्यावर यांची आठवण?"

"डावीकडचा भाग सांभाळतो. शब्दबिब्द त्याच्याकडेच असतात. फोटोत तरी तो ठीक दिसतोय. पण एकाच्या भरवशावर दुसरा काढायचा, तर उरलेला धडधाकट पाहिजे ना? म्हणून आधी शब्दांची परीक्षा घेऊ. त्यात नीट जमलं तर ऑपरेशन."

"आणि नाही जमलं तर?"

"मग नाही करत. धोका असतो."

अभ्यास आणि परीक्षा. दोन्ही शब्द बाईंच्या घरचे. डॉक्टर 'धोका' म्हणेपर्यंत बाई 'नाही करत' पाशीच अडकल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी एकही पोर नापास होऊ दिलं नव्हतं. आता काय नवऱ्याला होऊ देणार?

परीक्षा घेणारी मुलगी तरुण होती, मानसशास्त्र शिकलेली. नवऱ्याने तिचं नाव परीक्षावाली ठेवलं. मध्येच फिट आली तर कुणी असावं म्हणून तिने बाईंना मागे भिंतीपाशी खुर्ची दिली.

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं."

"मी भिंतच आहे असं समजा," बाई म्हणाल्या.

परीक्षावालीने सपाट आवाजात पंधरा शब्द वाचले. शिडी, साबण, मावशी, पोपट, खिळा, असे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. नवऱ्याने शिडी सांगितली, साबण सांगितला, आणि अडला. "तो... हिरवा असतो तो." तिने पुन्हा वाचले. तो पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्या वाचनाला त्याचे ओठ मचमचायला लागले आणि हात बटणांवर गेला. परीक्षा थांबली.

"पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊ," परीक्षावाली म्हणाली. "तोवर हे शब्द ते विसरतीलच."

ते विसरणार होते. भिंत विसरणार नव्हती. दोन वाचनांत सगळी यादी बाईंना मुखोद्गत होती; धंद्याची सवय. अशा तपासणीसाठी खरं तर दोन-तीन याद्या लागतात, एक उघडी पडली तर दुसरी काढायला. परीक्षावालीच्या विभागाकडे मराठीत तपासून पक्की केलेली एकच होती. दुसरी करायची म्हणून दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं.

घरी आल्यावर बाईंनी शिकवणीच्या पोरांना सुट्टी दिली आणि नवऱ्याला सतरंजीवर बसवलं. पंधरा सुटे शब्द कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत. त्यांची गोष्ट करावी लागते. बाईंनी केली. मावशी टोपी घालून घोड्यावर बसली, पुलावर टोपी नदीत पडली, ती काढायला पोपटाने शिडी आणली...

"अहो, म्हणा. मावशी कुठे बसली?"

"कुणाची मावशी?"

"तुमची."

"मला मावशी नाही. आई एकुलती एक होती."

"आता आहे. घोड्यावर बसलीय."

"या वयात?" नवरा हसला. मग जरा गंभीर झाला. "मास्तरीणबाई, ही कॉपी झाली हं."

"कॉपी म्हणजे बघून लिहिणं. हे पाठांतर आहे. बऱ्या बोलाने म्हणा."

तो म्हणायचा. चहा पिऊन होईपर्यंत मावशी घोड्यासकट गायब. सतरंजीवरचं सगळ्यात मठ्ठ पोरही दोन संध्याकाळींत एवढी गोष्ट घोटून गेलं असतं. नवऱ्याला पंधराच्या पंधरा दिवस लागले, सकाळ-दुपार-संध्याकाळ. यातून जे कळायला हवं होतं ते बाईंच्या समोर मांडी घालून बसलं होतं. बाईंनी त्याचं खापर गोळ्यांवर फोडलं आणि उजळणी वाढवली.

मधल्या काळात नणंद येऊन गेली. दारातच थबकली.

"काय गं वहिनी, दादाला पहिलीत घातलंस?"

"पहिलीत कशाला? थेट बोर्डाला बसवलाय."

सगळं ऐकून घेतल्यावर नणंदेने पर्स मांडीवर घेतली. बोलायचं ठरवलं की ती असंच करायची. "पण वहिनी, त्यांना बघायचंय याला आठवतं का. तू आठवायला लावलंस, तर त्यांनी काय बघितलं?"

"तू रात्री इथे झोप एकदा. मग शहाणपण शिकव."

नणंदेने पर्स खांद्याला लावली. नवरा हसत बसला होता. त्याला दोघींचं भांडण ऐकायला आवडायचं.

पुढच्या खेपेला तो पास झाला. नुसता नाही, पंधरापैकी पंधरा. अर्ध्या तासाने विचारलं, तरी पंधरा. परीक्षावालीने एक छोटा उताराही वाचून दाखवला, चोरीला गेलेल्या सायकलचा. त्यातली सायकल सोडून त्याला काही सांगता आलं नाही. तिने पेन दाताशी धरून दोन्ही कागद पुन्हा पाहिले.

"उतारा गडबडला. यादी मात्र फर्स्ट क्लास."

"गोळ्यांनी झोप येते हो त्यांना," बाई म्हणाल्या.

शंका असली तर आणखी एक तपासणी असते. मेंदूची एक बाजू इंजेक्शनने थोडा वेळ झोपवतात आणि दुसरीला एकटीला काय झेपतं ते पाहतात. तिच्यातही जोखीम असते, म्हणून गरज नसेल तर करत नाहीत. पंधरापैकी पंधरा पाहिल्यावर मोठ्या डॉक्टरांना गरज वाटली नाही. त्यांनाही संशोधनाला रुग्ण हवे होते, आणि इतका साफ फोटो असलेला रुग्ण रोज येत नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. फिट्स थांबल्या. थांबल्या म्हणजे साफ थांबल्या. ना पोटातून काही वर चढलं, ना बटणं निघाली. डॉक्टर रोज येऊन खूश होऊन जायचे. नवरा डोक्याला पट्टी बांधून उशीला टेकून बसायचा आणि प्रसन्न चेहऱ्याने विचारायचा, "ऑपरेशन कधी ठरलंय गं?"

"झालं की हो."

"काय सांगतेस!"

थोड्या वेळाने पुन्हा तेच. सूज आहे, उतरेल, असं नर्स म्हणाली. सूज उतरली. टाके निघाले, केस आले. प्रश्न उतरला नाही.

घरी तो बाईंना ओळखायचा, बहिणीला ओळखायचा, दुकान, मालक, जुनी गिऱ्हाइकं, सगळं सांगायचा. ऑपरेशनच्या आधीचं घर शाबूत होतं. फक्त त्याचं दार लागलं होतं. सकाळी जेवलेलं दुपारी जेवलेलं नसायचं. मालकाने बिचाऱ्याने त्याला पुन्हा पुढे बसवून पाहिलं. गिऱ्हाइकाला नंबर विचारून तो फ्रेम आणायला वळायचा आणि परत फिरून त्यालाच म्हणायचा, "या, बसा. काय दाखवू?" एका गिऱ्हाईक बाईने ही आपली टिंगल समजून भांडण काढलं. त्याला ते भांडण आठवलं नाही, मालकाला आठवलं.

सहा महिन्यांनी तपासणीला बोलावलं. परीक्षावालीने तीच यादी घेतली आणि 'शिडी' वाचताच नवऱ्याचा चेहरा उजळला.

"थांबा, मला येतं. मावशी, टोपी, घोडा, पूल, नदी, पोपट, शिडी..."

तिने एकच शब्द वाचला होता. ती वाचायची थांबली. मागच्या वेळचे कागद काढले, बोट फिरवलं. तेव्हाही त्याने मावशीपासूनच सुरुवात केली होती, याच क्रमाने. माणसं यादी अशी सांगत नाहीत. शेवटचं ऐकलेलं आधी येतं, मधलं गळतं. तिने पेन खाली ठेवलं.

"आज सकाळी इथे कशाने आलात?"

"आलो? मी तर दुकानात निघालो होतो."

ती त्याच्याकडे न बघता मागे भिंतीकडे वळली. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"तुम्ही पाठ करून घेतलं होतं?"

"हो."

"का?"

"तुम्ही परीक्षा म्हणालात."

मोठे डॉक्टर आले. ते ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते खुर्ची ओढून बसले आणि सावकाश बोलले: डावीकडचा भागही आधीच गेलेला असणार, फोटोत न दिसण्याइतका. राहिलेली आठवण उजवीकडच्या सुकलेल्या तुकड्यावरच कशीबशी चालली होती. तोच काढला.

"हे नापास झाले असते तर तुम्ही तो काढला नसता," बाई म्हणाल्या.

"नसता."

"मग मला तेव्हा नीट सांगायचं होतंत, की नापास होऊ द्या."

"धोका असतो म्हणालो होतो." मग त्यांचं त्यांनाच ते अपुरं वाटलं असावं. "परीक्षा म्हणजे नुसती तपासणी हो. रक्त तपासतो तशी. रक्ताला कुणी पाठांतर देत नाही."

"आमच्याकडे परीक्षेला दुसरा अर्थ नाही," बाई म्हणाल्या.

नवरा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "काय झालं?" त्याने विचारलं. "मी नापास झालो का?"

डॉक्टर बाईंकडे वळले. तोवर प्रश्नही त्याच्या डोक्यातून गेला होता.

त्या आठवड्यात बाईंनी त्याला सतरंजीवर समोर बसवून सगळं सांगितलं. पाठांतर, यादी, नणंदेचं बोलणं, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने बाईंचा हात हातात घेतला. "अगं, तू माझ्यासाठीच केलंस ना? जाऊ दे." बाई त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडल्या, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने. तोंड धुऊन परत आल्या तेव्हा तो खिडकीत उभा होता. "का गं, डोळे लाल झालेत? कुणी काही बोललं का तुला?"

पुढेही दोनदा त्यांनी सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्याने माफ केलं. चौथ्या खेपेला त्या दिवशी कशाने तरी बिनसलेलं होतं, तो चिडला. "माझ्या डोक्याशी खेळलीस तू!" म्हणून दार आपटून आत गेला, आणि बाई बाहेर उभ्या राहिल्या. हे त्यांना हवं असलेलं भांडण होतं. त्यांनी शब्द जुळवले, दार लोटलं. तो हसून म्हणाला, "ये. चहा टाकतेस?" त्यानंतर बाईंनी सांगणं सोडलं.

शिकवण्या त्यांनी बंद केल्या. पोरांच्या आया विचारायला येतात. बाई म्हणतात, मला शिकवता येत नाही. आया विनय समजून आणखी आग्रह करतात.

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते बघायचं. संशोधनात नवरा फिट्स थांबलेल्यांमध्ये मोजला गेला, आणि ते खोटं नाही. आठवण गेल्याची नोंदही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे खाली केली. त्या विभागाकडे आता तीन याद्या आहेत आणि परीक्षेच्या खोलीत घरच्या माणसाला बसू देत नाहीत. परीक्षावालीने तिथली नोकरी सोडली. नणंदेला जन्मभर पुरेल एवढं बोलायला मिळालं, पण ती एक शब्द काढत नाही. येते, दादाजवळ बसते, जाते. पुढच्या रुग्णांचं भलं होईल. नवऱ्याचं जे गेलं ते सगळ्यांत मोठं, पण गेल्याचं त्याला कळवणार कसं? रोज सकाळी तो विचारतो, ऑपरेशन कधी आहे? झालं म्हटलं की त्याचा आनंद घरात मावत नाही. "म्हणजे मी बरा झालो?"

"झालात," बाई म्हणतात.

त्याच्या वाट्याचा तोटाही त्याच भरतात. उद्या सकाळी पुन्हा.