हिरवी चौकट

सिद्धार्थने कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि आतली हिरवी चौकट पुन्हा त्याच बाईच्या चेहऱ्यावर जाऊन बसली.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर पाडव्याच्या शोभायात्रेतलं लेझीम पथक वळत होतं. तीस-चाळीस बायका. सगळ्यांचे फेटे भगवे, नथी सारख्या, नऊवारीही एकाच दुकानातून एकगठ्ठा आणलेली. त्याने कॅमेरा मुद्दाम डावीकडे नेला. चौकट क्षणभर घुटमळली, एका आजींच्या चष्म्यावर टेकली आणि परत उजव्या टोकाला, तिसऱ्या रांगेत गेली. त्याने बटण दाबलं, फोटो मोठा करून पाहिला. ती वल्लरी होती.

आपली बायको या पथकात नेमकी कुठे आहे हे तो मघापासून शोधत होता. कॅमेऱ्याने तिला एका दमात हुडकलं.

“मानलं बुवा,” तो पुटपुटला. फुल-फ्रेमचा हा नवा, आरसा नसलेला कॅमेरा आपण घ्यावा की नाही, यावर त्याचा घरच्या घरी वर्षभर विचार चालू होता. तेवढ्या काळात त्याच्या बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण उरकलं. त्याचा निर्णय झाला नव्हता.

गळ्यातला कॅमेरा धनेशचा. डिलाईल रोडचा धनेश, कॉलेजपासूनचा मित्र. गेल्या दसऱ्यापर्यंत दोघांचेही कॅमेरे फुल-फ्रेम, जुने, आरशाचे, आणि त्या वजनाने दोघांचा उजवा खांदा किंचित उतरलेला. आरशाशिवाय कॅमेरा म्हणजे खेळणं, हे मत दोघांनी दादरच्या फोटोग्राफी क्लबात इतक्यांदा मांडलं होतं की विषय निघाला की लोक चहाला उठत. आणि मग दसऱ्याला धनेश हा नवा कॅमेरा गळ्यात घालून क्लबात आला. सिद्धार्थने महिनाभर त्याचा फोन घेतला नाही. इतका मोठा दगा आपल्याला आजवर कुणी दिलेला नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटलं होतं. समेट वल्लरीनेच घडवला. “कॅमेऱ्यावरून कुणी मैत्री तोडतं का?” म्हणाली, आणि धनेशला जेवायला बोलावून वालाचं बिरडं केलं.

यंदा धनेश ढोलपथकात होता. “माझे दोन्ही हात अडकलेत. तू वापर आणि एकदाचा काय तो निकाल लाव,” म्हणत त्याने सकाळीच पट्टा सिद्धार्थच्या गळ्यात घातला होता.

शेजारी क्लबातला मयूर स्टुलावर चढून फोटो काढत होता. सिद्धार्थने त्याला पडदा दाखवला.

“बघ रे, कमाल आहे. कुठेही धर, त्या टोकाच्या बाईवरच जातो. ऊन पडलंय का तिच्यावर?”

मयूरने वरूनच वाकून पाहिलं. “ऊन कसलं, सर! चेहरा फीड केलेला असणार.”

“म्हणजे?”

“आपल्या माणसांचे चेहरे शिकवून ठेवायचे याला. मग गर्दीत तो आधी त्यांनाच पकडतो. मी आमच्या पिंकीचा टाकलाय, शाळेच्या गॅदरिंगला बरं पडतं. पण आपोआप नाही होत हां. माणसाला समोर बसवायचं, सरळ बघायला लावायचं, मग घेतो तो. कॅमेरा कुणाचा?”

“मित्राचा.”

“मग मित्राची बायको असेल ती.”

सिद्धार्थने पथकाकडे पाहिलं. मित्राची बायको वल्लरीच्या बरोबर पुढे होती. सुचित्रा. फेटा घसरून भुवईवर आलेला, पाऊल चुकलं की स्वतःशीच हसणारी. वल्लरीच्या आग्रहामुळे ती पथकात आली होती. त्याने कॅमेरा तिच्यावर धरला. दाराशी पडलेल्या चपला ओलांडाव्यात तशी चौकट तिला ओलांडून मागे गेली.

दसऱ्यानंतर धनेश चार-पाचदा घरी आला होता. कॅमेरा त्याने एकदाही बरोबर आणला नव्हता. तुझ्या जखमेवर मीठ नको, असं त्याचं म्हणणं. सिद्धार्थला तेव्हा भरून आलं होतं.

“हो,” तो मयूरला म्हणाला. “असेल.”

मिरवणूक पांगल्यावर दोन्ही जोडपी कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात बसली. साबुदाणा वडे आले, पियूष आलं. धनेशच्या बोटांना ढोल वाजवून पट्ट्या लागल्या होत्या.

“मग? काय ठरलं साहेबांचं?” त्याने विचारलं.

“घेऊन टाक रे,” वल्लरी म्हणाली. “घरात वर्षभर नुसतं यूट्यूब चालू. झोपेतसुद्धा लेन्सची नावं घेतो हा, सुचित्रा.”

“आमच्याकडे घेतल्यापासून सगळं गपचूप,” सुचित्रा म्हणाली. “रविवार उजाडला की हा आणि कॅमेरा गायब. शिवडीला, फ्लेमिंगो बघायला. एक फोटो दाखवेल तर शपथ!”

“पक्षी उडतात गं,” धनेश म्हणाला.

वल्लरीने चटणीची वाटी जवळ ओढली.

“एकच गोष्ट तपासायची राहिलीय,” सिद्धार्थ म्हणाला. त्याने कॅमेरा बंद केला, लेन्सला झाकण लावलं, पडदा मिटला आणि तो वल्लरीपुढे धरला. “तू काढ. आमचा तिघांचा.”

“तिला कशाला? आण इकडे, मी—” धनेश अर्धवट उठला.

“बस रे. तू फोटोत पाहिजेस.”

सिद्धार्थच्या कॅमेऱ्याला वल्लरीने लग्नापासून हात लावला नव्हता. पाटा-वरवंटा म्हणायची त्याला. त्याचं बटण कुठे असतं हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी दाखवलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले, कॅमेरा घेतला. झाकण काढून कमरेला खोचलं. बोटाने कळ सरकवली, पडदा बाहेर ओढून वर वळवला, बटण अर्धं दाबून चौकट स्थिर होण्याची वाट पाहिली. मग तिचं बोट तिथेच थांबलं.

तिने मान वर केली. सिद्धार्थ तिच्याकडेच पाहत होता. धनेश पियूषच्या ग्लासात.

“अगं, तुला वापरता येतो की हा!” सुचित्रा म्हणाली. “काढ ना पटकन, हसून हसून गाल दुखले माझे.”