फौजदाराची हद्द

देवानं माणसाला नाक दिलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं मला त्या ज्येष्ठात रोज वाटायचं. नाक द्यायचंच होतं तर आमच्या धन्यालाही द्यायला हवं होतं. त्यांच्या तोंडावर मध्ये जे काही आहे ते फक्त तपकिरीसाठी.

आमचं घर मळवलीला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात शेवगा. धनी मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळीकाम करायचे आणि उरल्या वेळात आमचं भात. माजघरात भाताची कणगी होती आणि कणगीला उंदीर लागले म्हणून धन्यानं बंगल्यावरून एक बोका पोत्यात घालून आणला. पिवळा, मोठ्या डोक्याचा, चालताना खांदे हलवणारा. त्याचं नाव त्यांनी फौजदार ठेवलं.

उंदीर गेले, हे खरं. खोटं कशाला बोलू? पण उंदरांनी माझ्या गोधड्यांवर कधी पिचकारी मारली नव्हती. हा मेला कणगीकडं पाठ करून उभा राहायचा, शेपूट वर करून थरथरवायचा आणि लग्नातल्या गुलाबदाणीसारखा शिंपडून मोकळा. कणगी झाली की दार, दार झालं की गोधड्यांची वळकटी, वळकटी झाली की माझं जातं. मग अंगणात बसून डोळे मिटून, जसं काही झालंच नाही असं पंजे चाटायचा.

"हद्द आखतुय त्यो," धनी कौतुकानं म्हणायचे. "फौजदारच हाय. आपली हद्द राखतुय."

"मग चौकी बंगल्यावर न्या की त्याची. हितं कशाला?"

"मुकं जनावर हाय. राहू दे."

मुकं! रात्रभर कौलांवर बोंबलणारं ते जनावर मुकं असेल तर मीही मुकीच. मारायची तर सोय नाही. मांजर मारलं की काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते आणि आमच्याकडं पितळेचीसुद्धा नव्हती. एकदा मीच त्याला पोत्यात घालून कामशेतच्या बाजारात सोडून आले. चार दिवसांनी परत आला, तोही गुबगुबीत होऊन.

असं असूनही मी चालवून घेतलं असतं. बाईमाणूस काय काय चालवून घेतं. पण वैशाख सरता सरता झुंबर आली आणि माझा धीर सुटला.

झुंबर माझी एकुलती एक लेक. दिली ती आंदर मावळात, टाकव्याच्याही पलीकडं, डोंगराच्या पोटात. गोरख जावई चांगला, कष्टाळू. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथं एसटी मनात आलं तर येते आणि पाऊस लागला की तेवढंही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण विहीणबाई म्हणाल्या, लावणी उरकू दे, मग पाठवते. लावणी उरकायच्या आधीच कळा आल्या. ओढ्याला पूर. सुईण ओढ्याच्या त्या अंगाला आणि गोरख ह्या अंगाला हाका मारत उभा. पोरगं झालं, रडलं आणि सकाळपर्यंत गेलं. मला कळलं तेव्हा सुतकही फिटलं होतं.

म्हणून ह्या खेपेला मी पदर पसरून विहीणबाईंकडं तिला मागून आणली. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी कोण धाडतं? पण त्यांनी धाडली, एवढंच बजावून, "तिला तितं सोसलं न्हाई तर गोरख यील आन् घिऊन जाईल." मी म्हटलं, न सोसायला काय झालं? इथं रेल्वे आहे. वेळ आलीच तर गाडीत बसवलं की लोणावळ्याचा दवाखाना. ह्या खेपेला लेकरू आगगाडीच्या आवाजात जन्मेल आणि जगेल, असं मी मनाशी धरून बसले होते.

आणि झुंबर उंबरा ओलांडून आत आली, नाकाला पदर लावला आणि तशीच मागं फिरून शेवग्याखाली ओकली.

"आये, कसला गं वास?"

आईबापाच्या घरात लेकीनं हे विचारावं! पोटुशीचं नाक ते. आम्हाला वर्षानुवर्षांची सवय, तिला श्वासाश्वासाला कळत होतं. आत आली की पोटातलं बाहेर. भात नको, पेज नको, आंबील नको. दिवसभर शेवग्याखाली बसायची, रात्री अंगणात निजायची. आठ दिवसांत गालफडं बसली. अंगणात निजायला ज्येष्ठापर्यंत ठीक आहे. पुढं मावळातला पाऊस काय अंगणात निजू देणार आहे?

मी कंबर कसली. राख टाकली. राख ओली झाली आणि वास राखेसकट वर आला. बंगल्यावरून फिनेल आणवलं. मग घराला दवाखान्यात बोका मेल्यासारखा वास यायला लागला. डांबरगोळ्या ठेवल्या, त्या फौजदारानं खेळायला घेतल्या. लिंबाच्या पाल्याची धुरी केली तर आम्ही सगळे डोळे चोळत बाहेर, आणि हा धूर ओसरल्यावर आत जाऊन धुपाटण्यावरच गुलाबदाणी फिरवून आला. दर दोन दिवसांनी शेणानं सारवत होते. ओलं असेपर्यंत बरं वाटायचं, वाळलं की पुन्हा तेच. माझ्या नाकी नऊ आले, आणि ते नाकच नको झालं होतं.

धनी काय करत होते? धनी फौजदाराला दूध घालत होते.

एक दिवस झुंबर जेवायला बसली, एक घास घेतला, उठली. परत आली ती डोळे पुसत. "आये, मी जाते माघारी. मला सोसत न्हाई गं. त्यास्नी निरोप धाडलाय." त्या डोंगरात, पावसाच्या तोंडावर! मी तिच्यावर ओरडले. मग फौजदारावर ओरडले. मग धन्यावर. तिघांपैकी एकानंही उलट उत्तर दिलं नाही, त्यामुळं मला आणखीच चीड आली.

शेजारची सावित्राबाई कुंपणावरून म्हणाली, "रतनबाई, तगर ठेव गं खोलीत. माजी सून गरवार व्हती तवा मी परातभर ठिवायची. लय बरं वाटायचं तिला." आणि घागर घेऊन गेली. तिला एका जागी उभं राहून बोलायची सवयच नाही.

तगर! बंगल्याच्या फाटकाशी तगरीचं झाड आहे, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. धनी कामावर निघाले होते. मी मागून ओरडले, "अवो, येताना तगर आना. भरपूर आना!"

आता मला सांगा, रोज ज्या झाडाला पाणी घालतात त्याच झाडाची फुलं आणायची, ह्यात चुकण्यासारखं काय आहे? पण त्या दिवशी धन्याला शेठची कात्री धार लावायला लोणावळ्याला जायचं होतं. संध्याकाळी आले ते कागदाचा हा एवढा पुडा घेऊन. आत काळसर, गाठाळ मुळ्या.

"हे काय?"

"तगर. काष्ठौषधीच्या दुकानातनं आनली. त्यो म्हनला, किती? म्या म्हनलं, भरपूर."

मी पुडा नाकाला लावला. पावसात भिजलेल्या पायताणाचा वास. पण मला वाटलं, सावित्राबाईनं सांगितलेली ती हीच असेल. औषध कधी सुवासिक असतं का? आणि काट्यानं काटा काढतात. तिनं ठेव म्हटलं होतं खरं. पण नुसतं ठेवून काय होणार? मी एकदा काम हाती घेतलं की अर्धवट सोडत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्या मुळ्या उखळात कुटल्या, शेणात कालवल्या आणि माजघर सारवून काढलं. जमीन, भिंतीचा हातभर भाग आणि कणगीसुद्धा, सगळीकडून.

ऊन वर आलं, जमीन वाळू लागली आणि फौजदार आला.

दारात थबकला. हुंगलं. मग आत येऊन जमिनीवर गाल घासला, दुसरा घासला आणि धाडदिशी आडवा झाला. लोळला. तोंडातून लाळ. चारी पाय वर करून असा लोळला की मला वाटलं, मेला बहुतेक. मला आनंद झाला, मग काशी आठवली. तेवढ्यात खिडकीतून स्टेशनमास्तरांची पांढरी आली. मागोमाग चहावाल्याचा ढेरपोट्या. मग एक तुटक्या कानाचा, मग दोन करडी, मग कुणाची कोण देव जाणे. सगळी माझ्या सारवलेल्या जमिनीवर लोळायला लागली, एकमेकांना पंजे मारायला लागली, आणि प्रत्येक बोका उठून कणगीला पाठ करून शेपूट थरथरवायला लागला. मी केरसुणी घेऊन हाणते आहे आणि ती बाजूला सरकून पुन्हा लोळताहेत.

आरडाओरड्यानं सावित्राबाई धावत आली. दारातूनच तिनं जमीन पाहिली, पुडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं बया! फुलं म्हनलं व्हतं मी! पांढरी फुलं! ही मुळी निराळीच तगर, हिच्यावर तर मांजरं जीव टाकत्यात!"

"मग फुलं म्हनायचं की," तिच्या मागून आलेले धनी मला म्हणाले. पहिल्यांदाच रागावले, तेही माझ्यावरच.

आणि नेमक्या ह्याच वेळी, खांद्यावर पिशवी, डोक्याला मुंडासं, जावई गोरख अंगणात येऊन उभा. झुंबरचं गाठोडं शेवग्याला टेकवून ठेवलेलं. त्यानं एकदा गाठोड्याकडं पाहिलं, एकदा आत.

"मामी, आईनं सांगितलंय घिऊन ये म्हनून," तो खाली बघत म्हणाला. "सांच्या गाडीनं निगू. पाऊस लागायच्या आत पोचाया हवं."

झुंबरनं गाठोड्याची गाठ आवळली. त्या गाठीकडं बघून मला असा संताप आला की मी मागच्या दारातली कुदळ उचलली. सगळे बाजूला झाले. त्यांना वाटलं, आज ही काशीला जाणार.

मी कुदळ जमिनीत घातली. "वास जमिनीत हाय न्हवं? मग जमीनच ठिवत न्हाई!"

पहिलाच पोपडा उचलला आणि असा भपकारा आला की मांजरांनीसुद्धा माना मागं घेतल्या. थरावर थर. शेण, त्याखाली ओल, पुन्हा शेण, पुन्हा ओल. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दर दोन दिवसांनी सारवून मी वास घालवत नव्हते. लोणचं मुरत घालावं तसा तो झाकून मुरवत होते.

मी खणत राहिले. दम लागला, डोळ्यांना पाणी आलं. धनी घमेलं घेऊन आले. गोरख दारात तसाच उभा होता. मग त्यानं मुंडासं सोडलं, सदरा काढून शेवग्यावर टाकला आणि माझ्या हातातली कुदळ धरली. "मामी, सरा." मागच्या आषाढात ओढ्याच्या काठावर ज्या हातांना करण्यासारखं काहीच नव्हतं, ते हात आता असे चालले की मी बघतच राहिले.

ज्येष्ठात कणगी तळाला आलेली असते. भात पोत्यांत भरलं, कणगी अंगणात ओढली. घाण माती घमेल्या-घमेल्यानं धन्यानं बंगल्याच्या मागं, पंपाच्या खोलीपलीकडं नेऊन टाकली. प्रत्येक घमेल्यामागं मांजरांची वरात. पुढं धनी, मागं फौजदार, त्याच्यामागं स्टेशनमास्तरांची पांढरी आणि उरलेलं गोत. शेवटच्या घमेल्यानंतर धनी एकटेच परत आले. तोंड एवढंसं झालं होतं.

"चौकी हलली," ते म्हणाले. मी हसले नाही. हसण्याइतकी ताकद उरली नव्हती.

गोरखनं आमच्या बांधावरची तांबडी माती आणली. खोलीभर पसरली, पाणी शिंपडलं आणि चोपण्यानं चोपायला लागला. धप, धप, धप. उन्हं उतरली तेव्हा खाली नवी, ओली, तांबूस जमीन होती आणि घरात कसलाच वास नव्हता. म्हणजे होता, पण मातीचा.

झुंबर उठली. गाठोडं काखेत घेऊन उंबऱ्याशी आली, चौकटीला हात लावून उभी राहिली. मी तिच्या गळ्याकडं बघत होते, आता उमासा येईल, मग येईल. ती आत आली. हळूच खाली बसली. कोपऱ्यात अजून न चोपलेली माती होती, तिची चिमूट घेतली आणि तोंडात टाकली.

माती खाऊ नये म्हणून मी लहानपणी त्या पोरीला किती धपाटे दिले असतील. आताही हात वर गेलाच होता. पण तिनं गिळलं. आणि गिळलेलं आत राहिलं. माझा हात तसाच हवेत राहिला.

"आये," ती म्हणाली, "भाकर हाय का गं?"

चूल पेटलेलीच नव्हती. कालची भाकर होती, वाळकी, आणि लसणाची चटणी. तिनं ती त्या जमिनीवर बसून खाल्ली, कडाकडा चावून, पाणीसुद्धा न मागता. धनी, गोरख आणि मी, तिघं मातीनं माखलेले, जणू कधी कुणाला जेवताना पाहिलंच नाही असे तिच्याकडं बघत होतो.

तिकडं सिग्नल पडला. गोरखनं सदरा झटकून अंगात घातला आणि चाचरत म्हणाला, "झुंबर, गाडी यील आता. निगायचं न्हवं?"

झुंबरनं तोंडातला घास चावत वर पाहिलं.

"कुटं?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या भाकरीसाठी माझ्यापुढं हात केला.