डोक्यावरचं मीठ

वनमालाबाईंचा अर्धा जन्म मुलुंडच्या मिठागरात मिठाच्या पाट्या वाहण्यात गेला होता, आणि आता ही मानसी डॉक्टर त्यांना चार मीटर चालून दाखवा म्हणत होती. म्हातारी माणसं का पडतात, याचा अभ्यास चालला होता. सोसायटीच्या हॉलमध्ये जमिनीवर निळी पट्टी अंथरलेली. सून श्रुतिका भिंतीपाशी उभी. सासू दोनदा पडल्यावर तिनं बजावलंच होतं, "आई, डॉक्टर नको म्हणाल्या तर एकटीनं खाली उतरणं बंद."

खाडीपर्यंतचा सकाळचा फेरा गेला तर मग उरलं काय? त्या धास्तीनंच पाय जड झाले. पट्टीवर त्या अशा डुलल्या की मानसीनं दंड धरला.

"आजी, नेहमी चालता तसं चाला ना."

"नेहमी डोई रिकामी कुठं असायची गं? काहीतरी ठेव वर."

मानसी हसली. भरलेल्या फॉर्मांचं खोकं तेवढं जवळ होतं. "तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणत श्रुतिकानं ओढणीची चुंबळ वळून सासूच्या डोक्यावर ठेवली.

खोकं चढलं आणि मान आपोआप ताठ झाली. पट्टी पांढरी होत गेली. दोन्हीकडं पाणी, पाण्यात आभाळ, मधून वीतभर बांध. पुढं बायकांची रांग. तोंडं दिसत नव्हती, नुसत्या टाचा, मिठानं भेगाळलेल्या. पायांखालून ढग सरकत होते. कुणालाच घाई नव्हती. वनमालाबाई आभाळाच्या कडेकडेनं चालत राहिल्या.

"आजी, पट्टी केव्हाच संपली!"

त्या हॉलच्या दारात पोचल्या होत्या. मागं मानसी, दोन्ही हात पसरून.

खोकं उतरवताना ती हळूच म्हणाली, "पण लिहावा लागेल पहिल्या, रिकाम्या डोक्याच्या चालण्याचाच आकडा. तो वाईट आहे."

"म्हणजे एकटीला सोडू की नको?" श्रुतिकानं विचारलं.

"कागद नको म्हणतो. मला विचाराल तर... आता मलाच कळेनासं झालंय."

श्रुतिकानं ओढणी झटकून खांद्यावर टाकली.

"आई, उद्यापासून भाजी तुम्ही आणायची. पाटीत, डोक्यावर. आधी बाजार, मग तुमची ती खाडी. रिकाम्या डोक्यानं फिरायचं नाही. आणि दोन किलोच्या वर नाही हां!"

"दोन किलोत तोल जाईल माझा," वनमालाबाई म्हणाल्या. "पाच तरी सांग."