फुंकरबाबा, मी आणि दुधाळ पाणी

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सहा-सहा फुटांवर पांढरी वर्तुळं काढलेली होती. सेक्रेटरींनी स्वतः उकिडवं बसून, दोरीनं मोजून काढली होती ती. त्या रविवारी संध्याकाळी इमारतीतली चाळीस माणसं खाली जमली आणि जवळजवळ सगळी एकाच वर्तुळात घुसली. सर्वांत पुढे खुद्द सेक्रेटरी होते आणि त्यांच्या पाठीला नाक लावून मी.

मधोमध टेबल. टेबलावर काचेचे ग्लास, कागदी नळ्यांचा गठ्ठा आणि दोन थर्मास, एक निळ्या झाकणाचा, एक लाल झाकणाचा. मागे एक गृहस्थ उभे. दाढी नाही, माळा नाहीत. पांढरा कोट, हातमोजे, डोक्यावर प्लास्टिकची टोपी असा सगळा जामानिमा. स्वतःला ते 'श्वासचिकित्सक' म्हणवत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव फुंकरबाबा ठेवलं आणि स्वतःच्याच विनोदावर मास्कच्या आत हसलो. पुढच्या पंधरा मिनिटांत माझं काय होणार आहे हे ठाऊक असतं तर हसलो नसतो.

"मंडळी!" फुंकरबाबा गरजले. "माणूस खोटं बोलतो. रिपोर्ट खोटा येतो. पण श्वास? श्वास कधीच खोटं बोलत नाही! कोण येतंय पुढे?"

सेक्रेटरी पुढे गेले. बाबांनी निळ्या थर्मासातून ग्लासात पाणी ओतलं. स्वच्छ, नितळ पाणी. सेक्रेटरींनी मास्क हनुवटीवर ओढला, नळी तोंडात धरली आणि पाण्यात फुंकर मारली. बुडबुडे आले. मग पाणी गढूळ झालं, आणि बघता बघता दूध घातल्यासारखं पांढरं!

"अगं बाई!" मागून कोणीतरी किंचाळलं.

"हा तुमच्या छातीत बसलेला रोग," बाबा हळूच म्हणाले. सेक्रेटरींचा चेहरा त्या पाण्यापेक्षा पांढरा पडला. बाबांनी खिशातून छोटी बाटली काढली, ग्लासात चार-सहा थेंब टाकले, ढवळलं. पाणी पुन्हा नितळ. "हा माझा संजीवन थेंब. आणि तोच थेंब मुरवलाय या कवचात." त्यांनी सेक्रेटरींच्या गळ्यात कापडाची एक चपटी पिशवी अडकवली. "आता फुंका."

नवा ग्लास आला, नवं पाणी आलं, नवी फुंकर. पाणी ढिम्म! नितळ ते नितळच. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा पुढे म्हणाले, "मास्क म्हणजे काय हो? खिडकीवरचा पडदा. वारा आला की उडतो. कवच म्हणजे दारावरचा पहारेकरी! कवच घातलं की मास्क फेका आणि आपल्या माणसांना पोटाशी धरा!"

इथं मी तोंड उघडलं. इमारतीत मला सगळे 'सर' म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. तेव्हा चारचौघांत आपण काहीतरी बोललंच पाहिजे, असं मला वाटत असतं.

"याला शास्त्रीय आधार काय?" मी चष्मा सावरत विचारलं. चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे प्रश्न मी बहुधा खांबाला विचारला.

"अरे वा, सर! मग तुम्हीच या की. विज्ञानवाल्यानं स्वतः अनुभव घ्यावा."

मी ऐटीत गेलो, फुंकर मारली आणि पाणी दुधाळ झालं.

मी पुरता घाबरलो, खोटं कशाला सांगू? त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे विज्ञान नव्हतं, माझी ताई होती.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तिनं शाळा सोडली आणि मला शाळेत घातलं. तिला जुना दमा आहे. साथ सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "यांना हा आजार झेपायचा नाही. घरात आणू नका." तेव्हापासून आठ महिने ताई आमच्या मागच्या खोलीत. दारासमोर स्टूल. त्यावर आम्ही ताट ठेवायचं, मागे व्हायचं, मग तिनं दार उघडून घ्यायचं. संध्याकाळी मी बोळात जमिनीवर बसायचो, मास्क लावून, आणि ती चार बोटं उघड्या दारातून बोलायची. आठ महिन्यांत मी तिचा हात हातात घेतला नव्हता.

साथीनं मला तसाही पुरता येडा करून ठेवला होता. दाराची बेल मी काडेपेटीच्या काडीनं दाबायचो. भाजी साबणानं धुवायचो. मोबाइलवर वर्ग सुरू झाले तेव्हा पहिले पंधरा दिवस मी स्वतःच्या घरात एकटा बसून, मास्क लावून शिकवलं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही तुमच्यापासून बरेच लांब आहोत."

असा माणूस मी. मला कोणी 'आपल्या माणसांना पोटाशी धरा' म्हणाल्यावर काय होणार? थेंब टाकले, पाणी निवळलं. ग्लासातून काहीतरी आंबट वास आला खरा, पण मास्क हनुवटीवर, मन थाऱ्यावर नाही, म्हटलं भास असेल. कवच गळ्यात पडलं, फुंकर मारली, पाणी नितळ. मला अक्षरशः रडू आलं. मी तीन कवचं घेतली, आणि जिना चढताना मास्क काढून खिशात कोंबला.

बायको पोस्टात कामाला, ती अजून यायची होती. मी थेट मागच्या खोलीशी गेलो. स्टूल पायानं बाजूला सारलं.

"ताई, दार उघड! आज एकत्र जेवायचं. तुझ्या शेजारी बसून!"

दार चार बोटं उघडलं. "मास्क कुठाय तुझा?"

"गेला! आता गरज नाही. हे बघ कवच."

"दार सोड आधी. मागे हो. आणखी मागे. हं, आता सांग, कोणी दिलं, काय केलं, सगळं नीट सांग. मधलं काही गाळू नकोस."

मी रंगवून सांगितलं. निळा थर्मास, नितळ पाणी, नळी, फुंकर, दुधाळ. मग ताईचा आवाज आला, तोच, मी दहा वर्षांचा असताना ती माझं पुस्तक मांडीवर धरून बसायची तेव्हाचा.

"बाळ्या, उच्छ्वासाच्या धड्यातला तिसरा प्रश्न काय होता?"

"ताई, हे काय आता—"

"चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली असता काय होते?"

माझ्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडलं. सव्वीस वर्षांची सवय ती. "निवळी दुधाळ होते. कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड..."

माझा हात गळ्यातल्या कवचाकडे गेला.

"हं," ताई म्हणाली. "मला ते कार्बनचं पुढचं नाव कधी जमलं नाही. पण चारदा पाठ करून घेतलं होतं तुझ्याकडून. चारही वेळा तू 'पिवळी होते' म्हणाला होतास."

दार लागलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञानाचा मास्तर आणि त्याला चुन्याची निवळी ओळखता येऊ नये? तर ऐका माझी कर्मकहाणी. आमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे, पण कपाटाला कुलूप असतं. काचसामान फुटलं तर तपासणीला काय दाखवायचं, म्हणून ते वापरायचंच नाही. मी सव्वीस वर्षं तो प्रयोग फळ्यावर केला. आकृती मात्र झकास काढतो! नळीला बाक, चंचुपात्राला चोच, बुडबुडे गोल-गोल. पण पाणी खरोखर दुधाळ होताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. आकृती होती काळी-पांढरी, आणि माझ्या पुढ्यात आला खराखुरा ग्लास. ओळखणार कसा?

बायको आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मीटरच्या खोलीत भिंत रंगवून उरलेला चुना पडलाय. घेऊन या. आणि मास्क लावून जा."

चुना पाण्यात कालवला, रात्रभर निवळू दिला. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्लास ठेवला, फुंकर मारली. दुधाळ! व्हिनेगरचे थेंब टाकले. नितळ! आणि कालचा तोच आंबट वास. संजीवन थेंब आमच्या फडताळात दोन वर्षं पडून होता. मी लहान मुलासारखा पुन्हा-पुन्हा करत बसलो.

"सव्वीस वर्षं शिकवलंत ते आज शिकलात," बायको म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी फुंकरबाबा उरलेल्यांसाठी पुन्हा येणार होते. मी आधीच सगळ्यांना फोन करून सांगितलं, खाली येऊ नका, गॅलरीतून बघा. निम्म्यांनी ऐकलं. बाकीचे आले ते मात्र कवचं घालून, बिनमास्कचे. मी माझ्या वर्तुळात उभा राहिलो, एकटा, काखेत पिशवी घेऊन.

"या सर! अनुभव सांगा लोकांना!" बाबा खुशीत आले.

"सांगतो. पण एक विनंती आहे. कवच माझ्या गळ्यात आहेच. आज पाणी निळ्या थर्मासातलं द्या."

बाबांचा हात लाल झाकणावर थबकला. "कवचवाल्यांना लाल. तशी पद्धत आहे."

"पाणीच ना दोन्हीकडे? मग काय फरक पडतो?"

गॅलरीतून बायको ओरडली, "द्या की हो निळ्यातलं!" मग शेजारच्या वहिनी ओरडल्या, मग आणखी कोणी. बाबांनी नाइलाजानं ओतलं. सगळे लांब आहेत ना ते पाहून मी मास्क उतरवला, फुंकर मारली आणि मास्क पुन्हा नाकावर चढवला. गळ्यात कवच, ग्लासात दूध.

"तुमची श्रद्धा कमी पडली!" बाबा कडाडले.

"असेल. माझी कमीच आहे." मी पिशवीतून सोड्याची बाटली काढली. झाकणाला भोक पाडून नळी बसवलेली होती. निळ्या थर्मासातून दुसरा ग्लास भरला, नळीचं टोक त्यात बुडवलं आणि बाटली हलवली. फसफस बुडबुडे निघाले आणि पाणी पांढरं झालं. "पण या बाटलीच्या छातीतसुद्धा रोग बसलाय का? हिला ताप नाही, खोकला नाही. सकाळीच दुकानातून आणलीय."

वरून हशा पिकला. मी व्हिनेगर काढलं, थेंब टाकले. पाणी निवळलं. मग सगळं सांगितलं. चुना, उच्छ्वासातला वायू, लाल थर्मासातलं साधं पाणी. कोणीही फुंकलं तरी निवळी पांढरी होणारच. ज्याच्या फुंकरीनं होणार नाही, त्यालाच दवाखान्यात न्यायला हवं! फजिती कोणाची सांगत होतो? बाबांची कमी, माझी जास्त.

फुंकरबाबांनी बोलता बोलता टेबल आवरलं. "विज्ञानाला सगळंच कळत नाही," एवढं बोलून ते निघाले. थर्मासांची झाकणं घाईत अदलाबदल झाली होती.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज मिशीला पीळ देऊन बसलो असतो. बुधवारी सेक्रेटरींना ताप आला. गुरुवारी मला. रविवारी त्यांच्या पाठीला नाक लावून उभा होतो ना मी! इमारतीत एकूण सहा जण. सेक्रेटरींना प्राणवायू लावावा लागला, ते अकरा दिवसांनी घरी आले. मी पुढच्या खोलीत बंद. माझ्या दारासमोर तेच स्टूल. बायकोची तपासणी झाली, तिला आजार नव्हता. ताईची झाली, तिलाही नव्हता. त्या रविवारी दार उघडलं असतं, आणि मी रोज तिच्या शेजारी बसून, मास्कशिवाय जेवलो असतो तर? हा विचार आला की तापातही मला थंडी वाजायची.

म्हणून तुमच्यासमोर हे माझं रामायण सांगतोय. चमत्कार दिसला तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, दुसरा ग्लास कुठल्या थर्मासातून भरला? विचारायला शास्त्रज्ञ लागत नाही. ताईनं शाळा सातवीत सोडली. आणि जो सांगेल की काळजी सोडा, आपल्या माणसाला पोटाशी धरा, त्याच्या बोलण्याला सर्वांत जास्त घाबरा, कारण तेच ऐकायला आपण आसुसलेले असतो. मी होतो.

तापाच्या पाचव्या दिवशी फोन वाजला. दोन भिंतींपलीकडून ताई.

"बाळ्या, उठून बस. प्रश्न पहिला. फुंकर मारल्यावर निवळी दुधाळ का होते?"

"कार्बन डायऑक्साइडमुळे."

"बरोबर. प्रश्न दुसरा. शिकलेला माणूस फसतो का?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. खोकला आला, तो जिरवला.

"मला भीती वाटत होती, ताई. तू जाशील याची."

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. घरघर होती, पण चालू होता.

"बरोबर," ती म्हणाली. "प्रश्न तिसरा. औषध घेतलंस का?"